कूलरमागचं लोखंड

“हिच्यानं उचलल्या जाईन असंच काही घे गा भाऊ. पायावर पाडून घेतलं तं लग्नात लंगडत चालन.”

आत्या हे बाबांच्या कानाशी लागून बोलली होती. पण तिचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं साधं बोलणं. जरीपटक्याच्या बाजारातलं ते खेळाच्या सामानाचं दुकान अरुंद होतं, मे महिन्याची संध्याकाळ होती, छताचा पंखा गरम हवा खाली ढकलत होता, आणि दुकानातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मी काचेखालच्या शटलकॉकच्या डब्यांकडे बघत राहिले, जणू मला तेच घ्यायचे होते. दुकानदार हसला. बाबाही हसले.

दुकानदाराचं एक वेळ सोडून देऊ. त्याला गिऱ्हाईक खूश ठेवायचं होतं. बाबांना मात्र सगळं माहीत होतं. मी घरून काम करते. दिवसभर स्क्रीनसमोर बसून मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत मुंग्या यायला लागल्या, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंकडे बाबाच मला घेऊन गेले होते. त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की गोळ्या घेऊन हे जाणार नाही. खांदे आणि पाठ मजबूत करावी लागेल. आधी रबरी पट्टा, मग वजन, आणि वजन हळूहळू वाढवत न्यायचं. बाबा बाजूच्या खुर्चीत बसून मान हलवत होते. ‘वाढवत न्यायचं’ हे त्यांनीही ऐकलं होतं.

मला काय हवं आहे ते मी ठरवून आले होते. आमच्या मागच्या खोलीत दिवाण आहे, गव्हाची कोठी आहे, दादाच्या इंजिनीअरिंगच्या पुस्तकांचं कपाट आहे, आणि तिचं दार आत उघडतं. उरते ती एक चटई पसरेल एवढी जागा. तिथे सायकल नको, ट्रेडमिल नको, भिंतीत ठोकायचं काही नको. टाइलवर पाय सरकणार नाही अशी जाड चटई, एक पट्टा, आणि लोखंडी रॉडची जोडी, जिच्यावर गोल प्लेटा चढवता-उतरवता येतात. म्हणजे आज थोडं वजन, दोन महिन्यांनी जास्त, आणि सामान तेच. यात न समजण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

दुकानदाराने मला विचारलंच नाही. त्याने बाबांना विचारलं, “किसके लिए, अंकल?” बाबांनी माझ्याकडे बोट केलं, तशी त्याने वळून वरच्या फळीवरून गुलाबी रंगाचे दोन छोटे डंबेल्स काढले. रबराचं आवरण, मधे बारीक कंबर, एकेक किलोचे. “लेडीज में यही चलता है,” तो म्हणाला. “हाथ भी मर्दाना नहीं दिखेगा.”

“मला ते...” मी म्हणाले आणि खाली कोपऱ्यात रचलेल्या काळ्या प्लेटांकडे बोट दाखवलं.

“ते पैलवानाचं आहे वं,” आत्या म्हणाली. “तुले कुस्ती खेळाची आहे का?”

“फिजिओथेरपिस्टनी सांगितलं की...”

“तिचं काय जाते सांगाले? लग्न तिले करून द्याचं आहे का तुयं?” मग दुकानदाराकडे वळून, “भैया, वो घाम निकालने का पट्टा रहता ना पेट का, वो भी दिखाव.”

मी गप्प झाले. मी गप्प होते तेव्हा आत्याला वाटतं तिचं पटलं. खरं असं आहे, की घरात सगळे ज्या वेगाने आणि ज्या बोलीत एकमेकांवर शब्द फेकतात, त्या वेगात मला उत्तर सापडत नाही. सापडतं ते घरी परतताना, गाडीच्या मागच्या सीटवर, आणि तेही इंग्रजीत, जे तिथे कुणाच्या उपयोगाचं नसतं. लहानपणी पाहुणे आले की मला हॉलमध्ये उभं करून ‘इंग्रजीत बोलून दाखव’ म्हणायचे. मी कविता म्हणायचे, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि मग मला आत पाठवून मोठ्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या. या घरात माझं बोलणं म्हणजे तेवढंच होतं. बाकी वेळ कुणी विचारलं नाही.

“काहून वं, मुकी झाली का?” आत्याने विचारलं. “कॉन्व्हेंटमधी बोलणं शिकोत नाहीत का?”

बाबांनी गुलाबी जोडी घेतली. पट्टाही घेतला, व्यायामाचा रबरी नव्हे, घाम काढायचा. चटई मात्र मला हवी तशी मिळाली, कारण चटईबद्दल आत्याचं काही मत नव्हतं.

एक किलो म्हणजे तुरीच्या डाळीचं पाकीट. आठवडाभर मी ती पाकिटं वरखाली केली. हाताला काही कळत नव्हतं, मुंग्या तशाच येत होत्या. आत्या आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहते, आणि बाबांची मोठी बहीण असल्यामुळे बेल न वाजवता आत येते. येता-जाता ती विचारायची, “करून राहिली का एक्झरसाइझ? चेहऱ्यावर तं काही दिसत नाही.” जणू व्यायाम चेहऱ्यावर करतात.

जूनमध्ये कोराडी रोडवरच्या एका तळघरातली जिम बंद झाली. शटरवर कागद चिकटवला होता: जिमचं सामान विकणे आहे. मी दोनदा स्कूटर तिथून पुढे नेली. तिसऱ्यांदा थांबले.

खाली मालक एकटाच होता. कधीकाळी शरीर कमावलेलं असावं; आता खांदे तेवढे जुने आणि पोट नवीन होतं. मला बघून म्हणाला, “जिम बंद झाली ताई. लेडीज बॅच तशीही नव्हती.”

मी म्हणाले, डंबेल्स हवेत, प्लेटा बदलता येणारे.

“कोणासाठी पाहिजेत?”

“भावासाठी.”

हे मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून आलं, आणि बघता बघता समोरचा माणूस बदलला. भावाची उंची किती, किती वर्षं करतो, छाती करतो की हात, सगळं त्याने आपुलकीने विचारलं. मी काहीतरी उत्तरं दिली. त्याने स्वतः रॉड निवडून दिले, आट्यांमध्ये बिघाड नाही ना ते नट फिरवून बघितलं, प्लेटा पोत्यात बांधल्या आणि जिन्यावरून वर आणून माझ्या स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेत ठेवल्या. “भाऊले सांगजो, तेल लावत जाय म्हणा. नाहीतर नट जाम होते,” एवढंही सांगितलं. भावासाठी म्हटलं की हे शहर वाट करून देतं. हे कळायला मला तेवीस वर्षं लागली, याचाच राग यावा.

गंज होताच. मी रॉकेलच्या फडक्याने तो घासून काढला, खोबरेल तेलाचा हात दिला, आणि जोडी मागच्या खोलीत नेऊन ठेवली. पाऊस नीट लागला की आमच्या हॉलच्या खिडकीतला कूलर काढून मागच्या खोलीत येतो. मग पुढच्या मार्चपर्यंत तो तिथेच, लोखंडी स्टँडवर, जुन्या चादरीने झाकलेला. माझ्या चटईची अर्धी जागा त्याने खाल्ली. पण त्याच्या मागे, भिंतीलगत, एक अशी सापट राहते जिच्यात कुणी वाकून बघत नाही. तिथे माझं लोखंड मावलं.

आईला दिसलं, कारण आई झाडू मारते. ती मराठी शाळेत शिकवायची; तिचं बोलणं घरातल्या इतरांपेक्षा पुस्तकी आणि हळू आहे. “हे दादाचं इथेच राहिलं वाटतं,” ती म्हणाली. “मला वाटलं त्याने तेव्हाच कुणाला देऊन टाकलं.”

“हं,” मी म्हणाले.

दादाने इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला महिनाभर जिम केली होती. घरात डंबेल्स कधी आणले नव्हते. त्या महिन्याची एकच वस्तू घरात शिल्लक आहे, प्रोटीन ढवळायची झाकणाची बाटली. आई तिच्यात ताक करते.

आईने ते बाबांनाही तसंच सांगितलं, आणि माझं काम सोपं झालं. दादाची वस्तू म्हटल्यावर कुणी ‘कशाला आणली’ विचारणार नव्हतं, ‘किती जड आहे गं बाई’ म्हणणार नव्हतं, आणि माझ्या हातांची आणि लग्नाची बेरीज मांडणार नव्हतं. मी रोज सकाळी, बाबा फिरायला गेले की, दार लावून घ्यायचे, चादर सरकवायचे आणि ते बाहेर काढायचे. आमच्याकडे खिडकी रात्रभर उघडी राहिली की कठड्यावर राखेचा पातळ थर बसतो. कोराडीच्या वीज केंद्राची चिमणी दिसत नाही, पण पोचते. आधी कठडा पुसायचा, मग चटई, मग प्लेटा चढवायच्या. वाकताना पाठ सरळ, श्वास आत, टाचा जमिनीत. खाली ठेवताना टाइल फुटू नये म्हणून घडी केलेली गोधडी. सुरुवातीला सगळ्यात लहान प्लेटा. पावसाळाभर मी त्या वाढवत नेल्या, जसं सांगितलं होतं तसं.

मला त्या वेळेबद्दल फार काही लिहायचं नाही. तिथे कुणी बोलत नव्हतं, एवढंच. लोखंडाला माझ्याबद्दल मत नव्हतं. उचललं तर उचललं गेलं, नाही तर नाही. तळहातांवर बोटांच्या मुळाशी चार टणक ठिपके आले आणि हाताला दिवसभर लोखंडाचा वास राहायला लागला. गणपतीच्या सुमारास एक दिवस लक्षात आलं, की बोटांना मुंग्या आलेल्याच नाहीत. कधी थांबल्या ते कळलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. गुलाबी जोडी टीव्हीच्या शेल्फवर होती, आत्याला दिसावी म्हणून.

नवरात्रात दादा आला. तो हैदराबादला असतो. वहिनी या वेळी तिच्या माहेरी गेली होती, म्हणून तो एकटाच गाडी चालवत आला. त्याचं येणं म्हणजे घरात एकदम आवाज वाढतो. बाबा दर वाक्याला ‘हो ना बेटा’ म्हणतात, आई भाकरी सोडून पोळ्या करते, आणि आत्या सकाळपासून आमच्याकडेच. मला तो आल्याआल्या म्हणाला, “काय गं, अजून म्यूट मोडवरच का?” सगळे हसले. दर वेळी हाच विनोद. मी दर वेळी थोडं हसते. त्याला वाटतं मला आवडतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. पाटावर लाल कापड टाकून बाबांनी आपले पाने, पकडी आणि मल्टिमीटर मांडले. ते पॉवर स्टेशनमध्ये होते, निवृत्त झाले तरी ती पेटी अजून कुणाला हात लावू देत नाहीत. आईची विळी आणि कात्री, शिवणाच्या मशीनला झेंडूची माळ. माझा लॅपटॉपही ठेवला, कारण त्याने पगार येतो. बाहेर दादाची गाडी धुऊन, बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक काढून तयार होती.

“थांब, थांब,” बाबा म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. कूलर सरकवल्याचा आवाज आला. माझ्या हातात आरतीचं ताट होतं. ते दोन्ही हातांनी एक डंबेल घेऊन बाहेर आले, पाटापाशी ठेवून पुन्हा गेले, दुसरा आणला. धाप लागली होती. “बेटा, तुया या लोखंडाचीबी होऊन जाऊ दे. याच्यापेक्षा मोठं शस्त्र कोणतं आहे घरात?”

“अरे!” दादा उठला. “हे अजून आहेत?”

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं आता तो म्हणेल, हे माझे नाहीत. एवढंच म्हणायचं होतं त्याने. त्याने खाली बसून एका प्लेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, “आई, आठवतं? मी रात्री जेवण झालं की करायचो यानं. तू ओरडायची, खालच्यांना आवाज जातो म्हणून.”

आम्ही तळमजल्यावर राहतो. खाली जमीन आहे.

तो खोटं बोलत नव्हता, हेच भयंकर होतं. त्याला खरंच आठवत होतं. ती वस्तू त्याची आहे असं बाबांनी म्हटल्याबरोबर त्याच्या डोक्याने तिच्याभोवती एक तरुणपण उभं केलं होतं. घाम, रात्र, ओरडणारी आई, सगळं. आणि बाबा ‘हो हो’ म्हणत होते. त्यांनाही आठवायला लागलं होतं.

“अन् हिचे?” आत्याने टीव्हीकडे बघून विचारलं. तिने जाऊन गुलाबी जोडी आणली आणि पाटाच्या कडेला, विळीच्याही पलीकडे ठेवली. “घे वं, तुयीबी शस्त्रं पूज. पोरीच्या जातीले एवढं पुरे.”

माझ्या लोखंडाला आईने हळदीकुंकू लावलं. ओलं कुंकू प्लेटेच्या कडेवरून ओघळलं. दादाने मागे बसून, एका डंबेलवर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. काका, मामा, चुलत भावंडं, सगळ्यांचे दंड फुगवलेले हात स्क्रीनवर रांगेने यायला लागले. कुणीतरी लिहिलं, ‘जुना शेर’. मी ताट धरून उभी होते. आरती झाली. पूजलेल्या अवजारांना त्या दिवशी हात लावायचा नसतो, म्हणून ते रात्रभर हॉलमध्येच राहिले, झेंडूच्या पाकळ्यांत, सगळ्यांसमोर. मला ते तसे बघवत नव्हते.

दसऱ्याला सकाळची पूजा झाली, जेवणं झाली. ताट बाजूला सारत दादा म्हणाला, “बाबा, नवीन फ्लॅटमध्ये एक खोली रिकामीच आहे. तिथे छोटं होम जिम करतो म्हणतो. हे डंबेल्स घेऊन जातो उद्या. आजकाल असं जुनं लोखंड मिळत नाही.”

“ने ना बेटा,” बाबा म्हणाले.

“ने बापा,” आत्या म्हणाली. “इथं काय, गंजून राहिले नुसते.”

गंज. तो घासून काढण्यात घालवलेला रविवार आठवला, नखांत बसलेलं तांबडं पाणी आठवलं. मी ताटं उचलून स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, “आई, ते दादाचे नाहीत.”

आई ओट्याकडे तोंड करून उरलेलं श्रीखंड डब्यात काढत होती. “माहीत आहे मला,” ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“रोज सकाळी आवाज येतो. गोधडी टाकतेस, पण आवाज येतोच. आणि तुझे हात. ताट धरतेस तेव्हा दिसतात.”

“मग काल का बोलली नाहीस? तू कुंकू लावलंस त्याच्या नावाने!”

“सणासुदीला कशाला वाद? तो दोन दिवसांसाठी येतो. हे बघ, जाऊ दे ते. आपण तुला दुसरे घेऊ. चांगले, नवे.”

“आत्याला सोबत घेऊन?”

आईच्या हातातल्या डब्याचं झाकण नीट लागेना, म्हणून ती ते पुन्हा पुन्हा दाबत राहिली. “तुला हवं तर तू सांग त्याला,” ती शेवटी म्हणाली. “मी नाही म्हणत नाही.”

लोक म्हणतील, बिचारी आई मधे सापडलेली. मला तेव्हा तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. इतके महिने ती दाराबाहेर उभी राहून ऐकत होती, आणि माझ्या खोलीतलं सगळं तिला माहीत होतं. तिने ते माझ्यासाठी सांभाळून ठेवलं नव्हतं. सोयीचं होतं तोवर गप्प राहिली होती. बाबा हसतात, आत्या बोलते, दादा विसरतो. पण त्यांना निदान माहीत नसतं. माझं गप्प बसणं मी कुणाकडून शिकले, ते त्या ओट्यापाशी कळलं. म्हणून तर जास्त राग आला.

त्या दिवशी मी दादाला काही सांगितलं नाही. दोनदा त्याच्या खोलीपर्यंत गेले. एकदा तो फोनवर होता. एकदा नव्हता, तरी मी परत आले. डोक्यात वाक्यं तयार होती, स्वच्छ, मुद्देसूद, सगळी इंग्रजीत. मराठीत आणायला गेलं की ती तक्रारीसारखी वाटायची, आणि तक्रार केली की हे घर म्हणतं, अगं एवढंसं काय ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. फाटकासमोर गाडीची डिकी उघडी होती. आईने डाळीची पिशवी, सांडग्यांचा डबा, लिंबाचं लोणचं दिलं. आत्याने शेवयांची पिशवी आणली होती आणि तिच्यावर काचेची बरणी ठेवू नका म्हणून ओरडत होती. मी पायरीवर उभी होते. बाबा हॉलमधून एक डंबेल घेऊन निघाले; दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. पायरीवर माझ्या शेजारी त्यांनी तो टेकवला आणि कंबर सरळ केली.

“भल्लं जड आहे,” ते म्हणाले. “कसा उचलत होता बेटा तू रोज?”

“सवय होती तेव्हा,” दादा म्हणाला. त्याने गाडीपाशी आधीच आणून ठेवलेला दुसरा एका हाताने उचलून दाखवायला घेतला. गुडघ्यापर्यंत आला. मनगट वळलं, तसा त्याने घाईने दुसरा हात लावला आणि हसला. “सुटली ना सवय.”

“तेल-पाणी नाही, काय करंन लोखंड,” आत्या म्हणाली. जणू वजन गंजामुळे वाढतं.

त्याने तो डिकीत ठेवला. डाळीच्या पिशवीशेजारी. लोखंडावर अजून वाळलेलं कुंकू होतं, आणि माझ्या तेलाचा वास मला पायरीवरून येत होता, किंवा येतोय असं वाटत होतं. आई फाटकाला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, तशी तिने नजर लोणच्याच्या बरणीकडे वळवली.

बाबा पायरीवरचा उचलायला वाकले. वाकता वाकता त्यांना माझे पाय दिसले असावेत, कारण त्यांनी मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असेल.

“काय झालं?” ते म्हणाले. “तुले तं ते गुलाबी आहेत ना.”

“तिले काय कराचे आहेत हे!” आत्या हसली. “हिच्यानं तं सरकतबी नाही.”

मी वाकले. टाचा जमिनीत, पाठ सरळ, श्वास आत. बाबांच्या हातांखालून तो उचलला, एका हाताने, जसा रोज उचलते तसा. आत हॉलमध्ये गेले नाही. तो तसाच हातात धरून मी पायऱ्या उतरले आणि डिकीपाशी जाऊन उभी राहिले. दादाने झाकणावर हात ठेवलेला होता, बंद करायला. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल, आणि तो कापलाच. पण शब्द मराठीतच आले, सगळ्यांना ऐकू जातील एवढ्या मोठ्याने.

“दादा, दुसरा काढ बाहेर. हे तुझे कधीच नव्हते. मी आणलेत, मी घासलेत, रोज सकाळी मी उचलते. आईला विचार, तिला माहीत आहे.”